दार गाडीपासून तासभर लांब आहे: आई-बाबांना ऑर्लँडोला नेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
उन्हाळ्याच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन ऑर्लँडोला निघणारी अमेरिकेतली समस्त मराठी कुटुंबं

सप्रेम नमस्कार.

मे संपला, शाळा सुटल्या, भारतातून आई-बाबा येऊन पोचले, की आपल्याकडच्या कितीतरी घरांत डिस्नेचा बेत शिजायला लागतो. तिकिटं महिनोन्‌महिने आधी घेतली जातात. कुठल्या राइडला किती उंची लागते, हॉटेलात मायक्रोवेव्ह आहे का, सगळं विचारून होतं. एका गोष्टीचा मात्र कुणी विचार करत नाही. गाडी उभी केल्यावर मॅजिक किंगडमच्या, म्हणजे डिस्नेच्या इथल्या चार उद्यानांपैकी पहिल्याच्या, दारापर्यंत जायचं कसं, आणि त्याला वेळ किती लागतो?

‘साडेआठला निघू, नऊला आत’ हा हिशोब मोडतो तो इथेच. फोनवरचा नकाशा वीस मिनिटं दाखवतो ती पार्किंगच्या टोलबूथपर्यंतची असतात. तिथून पुढे दारापर्यंत आणखी पाऊण तास ते एक तास धरा. गर्दीच्या दिवशी तासाच्या वरच. हा गैरकारभार नाही, रचनाच तशी आहे. ती एकदा समजून घेतली की निम्मी चिडचिड घरीच राहते.

मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं. कॅलिफोर्नियातल्या १९५५च्या डिस्नेलँडला मोटेलांनी आणि दुकानांनी कुंपणापर्यंत वेढलं होतं. तो धडा घेऊन फ्लोरिडात आधी अफाट जमीन घेतली गेली आणि उद्यान रस्त्यापासून आत, तळ्यापलीकडे ठेवलं गेलं. ‘सेव्हन सीज लगून’ हे ते तळं माणसांनी खोदलेलं आहे. त्यातून निघालेली माती उद्यानाखालच्या सेवा-बोगद्यांभोवती भरली गेली, म्हणून आपण आत ज्या रस्त्यांवर फिरतो ते खरं तर एक मजला वर आहेत. गाड्या तळ्याच्या अलीकडे, उद्यान आणि त्यातला किल्ला पलीकडे. मधल्या जागेचं नाव ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर, बोलीत टीटीसी. ऑर्लँडोतल्या डिस्नेच्या बाकीच्या तीन उद्यानांत, म्हणजे एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अॅनिमल किंगडममध्ये, पार्किंग दारासमोरच आहे. त्यामुळे आदल्या दिवशी एपकॉटला जाऊन आलेली मंडळी दुसऱ्या दिवशी हमखास फसतात. ‘काल तर दहा मिनिटांत आत होतो’, हे त्यांचं वाक्य ठरलेलं.

आता टप्प्याटप्प्यानं चला.

पहिला टप्पा टोलबूथ. साध्या पार्किंगचा दर ऑक्टोबर २०२३मध्ये २५ डॉलरवरून ३० डॉलर झाला. दर बदलत राहतात, म्हणून आदल्या रात्री अॅपमध्ये बघा. एकदा भरलेले पैसे त्या दिवशी चारही उद्यानांना चालतात, तेव्हा संध्याकाळी एपकॉटला जायचं असेल तर पावती टाकू नका. डिस्नेच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना उद्यानाचं पार्किंग फुकट असतं. पावती किंवा मॅजिकबँड (तिकिटाचं काम करणारा डिस्नेचा मनगटी पट्टा) हातात धरूनच खिडकीशी जा. आपली गाडी पुढे आणि कार्ड डिकीतल्या पर्समध्ये, हे दृश्य फार वेळा दिसतं.

टोलबूथवर ‘प्रिफर्ड’ पार्किंग घेता का, असं विचारतात. जास्त पैसे देऊन टीटीसीजवळची जागा मिळते, पण त्यातून वाचतो फक्त पार्किंगपासून टीटीसीपर्यंतच्या ट्रामचा टप्पा. तळं ओलांडायचं ते ओलांडायचंच. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर हे पैसे कारणी लागतात. धडधाकट माणसांनी त्यात आईस्क्रीम खावं.

पुढे फ्लोरेसंट कपड्यातली माणसं हात करून एकामागून एक रांगेत गाड्या लावायला सांगतात. आपल्याला हवी ती जागा निवडायची सोय नाही आणि हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पार्किंगचे दोन मोठे भाग आहेत, हीरो आणि व्हिलन. त्यांच्या पोटात सिंबा, वुडी, अलादीन, तिकडे स्कार, जाफर, हुक अशी नावं, आणि प्रत्येकात रांगांचे क्रमांक. भाग, नाव आणि रांग या तिन्ही गोष्टी एकत्र लक्षात राहिल्या तरच उपयोग. नुसतं ‘सिंबा’ म्हणून रात्री गाडी सापडत नाही. डिस्नेच्या अॅपमध्ये गाडीची जागा नोंदवायची सोय आहे, ती वापरा, पण खांबावरच्या पाटीचा फोटोही काढा आणि तो घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. भाड्याची गाडी असेल तर नंबरप्लेटचाही फोटो हवा. रात्री अकरा वाजता पांढऱ्या एसयूव्हींच्या समुद्रात आपली पांढरी एसयूव्ही ओळखणं हा जादूचा भाग नाही. आणि काहीच आठवलं नाही तर? गाडी कितीच्या सुमारास लावली एवढं तरी सांगता आलं पाहिजे. सकाळी भाग कुठल्या क्रमानं भरत गेले याची कर्मचाऱ्यांकडे नोंद असते, त्यावरून ते तुमचा भाग बराचसा नेमका सांगतात. वेळ लिहून ठेवायला कागदसुद्धा लागत नाही. पार्किंगच्या पाटीच्या फोटोतच ती असते.

गाडी सोडण्याआधी एक काम. औषधं गाडीत ठेवू नका. फ्लोरिडाच्या उन्हात बंद गाडी अर्ध्या तासात भट्टी होते आणि बाबांचं इन्सुलिन तिथेच कामातून जातं. वापरात असलेलं पेन ३० अंश सेल्सिअसच्या आत राहायला हवं. छोट्या थंड पिशवीत ते अंगाबरोबर न्या, वर डॉक्टरांची चिठ्ठी किंवा औषधाचं मूळ खोकं ठेवा. मात्र त्या पिशवीत सुटा बर्फ घालू नका. १ मे २०१९पासून सुटा आणि कोरडा बर्फ आत चालत नाही, जेल-पॅक चालतो. बाबागाडीची मापंही त्याच दिवसापासून बांधली गेली: रुंदी ३१ इंच, लांबी ५२ इंच, त्याहून मोठी नाही. आणि ओढायच्या चारचाकी वॅगन पूर्ण बंद.

ट्राम ही उघड्या बाजूंची, बाकांची लांब गाडी. महामारीत मार्च २०२०मध्ये ती थांबली आणि मॅजिक किंगडमला डिसेंबर २०२१मध्ये परत सुरू झाली. चढताना पायरी थोडी उंच आहे. साडी नेसलेल्या आजींना आधी चढवा, मग मुलांना. बाबागाडी घडी करावी लागते, म्हणून ट्राम समोर येण्याआधीच तिच्यातलं सामान काढून ठेवा. चालक थांबतो, पण पाठीमागची पन्नास माणसं डोळे वटारतात. घडीची व्हीलचेअर चालते, बसलेल्या माणसाला मात्र उठून बाकावर बसावं लागतं. विजेवर चालणारी स्कूटर ट्राममध्ये जात नाही.

म्हणूनच अपंगत्वाच्या पार्किंग-परवान्याचा विचार घरी करायचा. त्या परवान्यावर टीटीसीजवळच्या राखीव जागा मिळतात आणि ट्रामची गरजच उरत नाही. आंतरराष्ट्रीय चिन्ह असलेला दुसऱ्या राज्याचा किंवा देशाचा परवाना फ्लोरिडात मान्य आहे. तुमच्या राज्यात पाहुण्या आई-बाबांना तात्पुरता परवाना मिळतो का, हे डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याला, आधी विचारा. डॉक्टरची सही लागते आणि ती ऑर्लँडोच्या वाटेवर मिळत नाही. शेजाऱ्यांचा परवाना आरशाला लटकवून नेण्याची आयडिया मात्र सोडून द्या. परवाना माणसाचा असतो, गाडीचा नाही, आणि ते माणूस गाडीत नसेल तर तो गुन्हा आहे.

व्हीलचेअरबद्दल आणखी थोडं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच बाबतीत होतो. ‘तिथे भाड्यानं मिळते की’ हे खरं, पण ती मिळते उद्यानाच्या दारात, म्हणजे तळ्यापलीकडे. पार्किंग, तपासणी, तळ्यापार नेणाऱ्या बोटीचा धक्का किंवा मोनोरेलची (उंचावरच्या एकाच रुळावर धावणाऱ्या गाडीची) चढण, हा सगळा भाग त्याआधी येतो. ज्यांना आत व्हीलचेअर लागणार आहे त्यांना बाहेर जास्त लागते. हलकी, घडीची व्हीलचेअर स्वतःची न्या किंवा हॉटेलवर भाड्यानं मागवा. आणि हेही सांगून ठेवतो, व्हीलचेअर म्हणजे रांग चुकवण्याचा पास नव्हे. तेवढ्यासाठी धडधाकट मामांना तिच्यात बसवू नका. दिवसभर ढकलणाऱ्याची पाठ जाते आणि रांग तेवढीच राहते.

दुसरा टप्पा सुरक्षा-तपासणी, ती टीटीसीतच होते. हल्ली चालत चालत पार व्हायचे स्कॅनर आहेत, खिसे रिकामे करावे लागत नाहीत. अडकतं ते मराठी सामान. स्टीलचा डबा, स्टीलची पाण्याची बाटली, घडीची छत्री, चष्म्याचं पत्र्याचं घर, या चार गोष्टींनी यंत्र ओरडतं आणि तुम्हाला बाजूच्या टेबलाकडे पाठवतात. मग पिशवीतल्या तिखटमिठाच्या पुऱ्या एकेक करून बाहेर. उपाय सोपा आहे. डबा प्लास्टिकचा न्या, आणि छत्री व बाटली पिशवीतून काढून हातात, शरीरापुढे धरून चाला. कर्मचारीही तसंच सांगतात. पुऱ्या, दशम्या, चिवडा, लाडू सगळं आत नेता येतं. घरचं खाणं चालतं, फक्त ते गरम करावं लागणारं किंवा उग्र वासाचं नको, आणि काचेची बरणी नको. लोणचं न्यायचंच असेल तर छोट्या प्लास्टिकच्या डबीत. सुक्या बोंबलाच्या चटणीबद्दल आम्ही काहीच बोलत नाही.

तपासणी झाली की टीटीसीतल्या स्वच्छतागृहात सगळ्यांनी जाऊन या. लघवीची गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांनी तर नक्कीच. बोटीत आणि मोनोरेलमध्ये ती सोय नाही, आणि मोनोरेल मध्येच उभी राहते असंही होतं.

तिसरा टप्पा तळ्याचा. इथे निवड करायची असते आणि बहुतेक जण ती न करता जिकडे गर्दी वाहते तिकडे वाहतात.

मोनोरेल मुलांना हवी असते. टीटीसीहून एक्स्प्रेस थेट मॅजिक किंगडमला जाते आणि वाटेत कंटेम्पररी हॉटेलच्या पोटातून आरपार निघते, ते दृश्य बघण्यासारखं आहे. आत वातानुकूलन आहे, प्रवास पाच-सहा मिनिटांचा. पण फलाट उंचावर आहे आणि तिथे नेणारा उतार लांब आहे. ढकलत्या व्हीलचेअरसाठी तीच खरी चढण. दुसरी, हॉटेलांची मोनोरेल पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन करत मॅजिक किंगडमला पोचते. एक्स्प्रेसची रांग लांब असली तर तिच्यातूनही जाता येतं, फक्त गर्दीच्या वेळी कर्मचारी हॉटेलात उतरलेल्यांनाच सोडतात. एपकॉटकडे जाणारी मोनोरेल तिसरी, १९८२पासूनची. चुकून तिच्या फलाटावर गेलात तर अर्धा तास गेला समजा.

बोट, म्हणजे फेरी, ही आई-बाबांसाठी आमची पहिली पसंती. दोन मजल्यांची मोठी बोट, एका खेपेला सुमारे सहाशे माणसं घेते. चढायचा रस्ता जवळजवळ सपाट, बाबागाडी घडी करावी लागत नाही, व्हीलचेअर खालच्या मजल्यावर सरळ आत जाते. तळं ओलांडायला सात ते दहा मिनिटं. धक्क्यावर गर्दी बघून घाबरू नका. सहाशेंची बोट आली की ती गर्दी एका खेपेत गायब होते, मोनोरेलच्या रांगेचं तसं होत नाही. बाकडी मोजकी आहेत, म्हणून ज्येष्ठांना पुढे सोडा. एस्सेलवर्ल्डला जायला ज्यांनी गोराईची खाडी बोटीनं ओलांडली आहे त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही, फक्त इथे पाणी बरंच स्वच्छ आहे. एक अडचण आहे. जून ते सप्टेंबर दुपारच्या वादळात विजा कडाडू लागल्या की बोटी थांबतात. दुपारी हॉटेलवर झोपायला परतणाऱ्यांनी आकाश बघून तीनच्या आधी निघावं.

पलीकडे उतरलं की दार समोर. तिकीट किंवा बँड टेकवायचा आणि तीन वर्षांवरील प्रत्येकानं हाताचं बोट यंत्रावर लावायचं. वय झालं की बोटांच्या रेघा पुसट होतात. रेशन दुकानात किंवा बँकेत आधारच्या यंत्रापुढे ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांचं बोट इथेही उमटत नाही. घाबरू नका, ओळखपत्र दाखवून काम होतं. म्हणून आई-बाबांचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत कुलूपबंद ठेवून येऊ नका, फोटो असलेलं एक तरी ओळखपत्र प्रत्येकाच्या जवळ हवं. आणि सगळ्यांची तिकिटं जावयाच्या फोनमध्ये, जावई गाडी लावायला गेलेला, असं होऊ देऊ नका.

आता वेळेचा हिशोब उलटा मांडू. उद्यान नऊला उघडणार असेल तर दार ते तळं वीस मिनिटं, तपासणी दहा-पंधरा, ट्राम दहा-पंधरा, टोलबूथ पाच-दहा. म्हणजे आठला टोलबूथवर असाल तर नऊला दारात. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी साडेसात. बरोबर सत्तरीचं माणूस असेल तर त्यात सरसकट पंधरा मिनिटं वाढवा.

गाडीच न नेण्याचा विचार कुणी करत नाही, म्हणून सांगतो. डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल तर गाडी तिथेच ठेवा. हॉटेलची बस टीटीसी टाळून थेट मॅजिक किंगडमच्या दाराजवळ सोडते. बसमध्ये व्हीलचेअरला आधी जागा देतात, बाबागाडी मात्र घडी करावी लागते. जवळच्याच हॉटेलातून फुकट बस सोडून, ‘आपली गाडी बरी’ म्हणत टीटीसीला जाणारे पाहिले की हात जोडावेसे वाटतात. बाहेरच्या हॉटेलात असाल तर उबर-लिफ्ट टीटीसीलाच सोडतात, म्हणजे ट्राम वाचते, तळं उरतं. मिनी माउसच्या नावाची ‘मिनी व्हॅन’ ही लाल-पांढऱ्या ठिपक्यांची डिस्नेची टॅक्सी लिफ्टच्या अॅपवर मिळते, ती दाराजवळ सोडते. महाग आहे, पण आजोबांच्या एका खेपेसाठी परवडते.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या दोन युक्त्या विसरा. पहिली, डिस्ने स्प्रिंग्जला, म्हणजे डिस्नेच्या दुकानं-खाणावळींच्या भागात, फुकट गाडी लावून तिथून बसनं उद्यानाला. तिथून उद्यानाला थेट बस नाही, आधी कुठल्यातरी हॉटेलला जाऊन बस बदलावी लागते, तास-दीड तास जातो. दुसरी, कंटेम्पररीला गाडी लावून चालत. चालण्याचा रस्ता आहे, दहा मिनिटांचा आणि छान आहे, पण फाटकावर हॉटेलचं किंवा जेवणाचं आरक्षण विचारतात आणि जेवणाच्या आरक्षणावर गाडी दिवसभर ठेवू देत नाहीत. तिथे खरंच नाश्त्याचं टेबल आरक्षित असेल तर नाश्ता करून चालत जा, मग गाडी हलवावी लागेल हे धरून.

रात्रीचं वेगळंच प्रकरण. आतषबाजी संपली की दिवसभरात हळूहळू आलेली माणसं अर्ध्या तासात एकदम बाहेर पडतात, आणि तळ्याला वाटा त्याच दोन. तेव्हा एक तर आतषबाजी किल्ल्यासमोरून न बघता दाराजवळ उभं राहून बघा आणि शेवटच्या बाराला पाय काढा. किंवा चक्क बसून राहा. दारातून आत येताच लागणाऱ्या मेन स्ट्रीटवरची दुकानं उद्यान बंद झाल्यावरही काही वेळ उघडी असतात. आई-बाबांना बाकावर बसवा, थंड पाणी मागून घ्या (झटपट जेवण मिळणाऱ्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात), पाऊण तासानं निघा. रांगेत उभं राहून तेवढाच वेळ जातो, तो बसून घालवा. लहान मूल खांद्यावर झोपलं असेल तर बोटीकडे जा. उभं राहावं लागलं तरी वारा असतो.

टीटीसीत परत आल्यावर ट्रामच्या दोन रांगा असतात, एक हीरोंची, एक व्हिलनची. चुकीच्या ट्राममध्ये बसलात तर पार्किंगच्या भलत्या टोकाला उतराल. चढण्याआधी सकाळचा फोटो काढून बघा. फोनची बॅटरी त्या वेळी बहुधा संपलेली असते, म्हणून भाग, नाव आणि रांग आजोबांच्या शर्टाच्या खिशातल्या चिठ्ठीवरही असू द्या.

कळावे,
आपले,
ऑर्लँडो परिसरातले काही मराठी शेजारी